आला का?

आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. त्याआधी काही वर्षं ते बंद होतं, आणि त्याच्याही आधी दोन पिढ्या कापडाचं. हे लिहितोय ते मधल्या, बंद असतानाच्या वर्षांबद्दल.

दुकान बंद असलं तरी दिवाळी सरली की त्यातल्या ट्यूबलाइट पहाटेपासून चालू असायच्या. शटर गुडघ्याइतकं वर केलेलं असे. नारायणगावच्या पेठेतून जाणाऱ्याला त्या फटीतून पांढरा उजेड दिसे आणि ओल्या मातीचा वास येई. नवखा माणूस थांबून वाकून बघे. आतल्या ज्या लाकडी फळ्यांवर एके काळी साड्यांचे गठ्ठे आणि सुटिंगचे तागे रचलेले असत, त्यांवर रोपवाटिकेतले काळे ट्रे होते. ट्रेमध्ये कोथिंबीर, पुदिना, शेपू, मेथी, इंग्लिश तुळस, पार्सली आणि सॅलडचा पाला. समोर गादी, गादीवर पांढरी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले मालक.

त्यातलं काहीही विकायला नव्हतं.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकाला जुन्नर-आंबेगावच्या बातम्या पाठवत होतो. मालकांना सगळी पेठ शेठ म्हणे, मीही म्हणत असे. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले. घरात मारवाडी आणि दुकानात मराठी, अशी त्यांची वाटणी होती. दुकान बंद झाल्यावर ती वाटणी मोडायला हवी होती, पण शेठ झाडांशी मराठीच बोलत. झाडं दुकानात होती, म्हणून.

बोलणंही कापडाचंच. कुठलंही पान ते आधी डोळ्यांनी बघत नसत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळत आणि पोत कसा आहे ते सांगत. मेथी सुती, पार्सली क्रेप, पुदिना जाडाभरडा. सॅलडच्या पाल्यात एक जात होती, हिरवी आणि कडेने लाल. तिला ते 'काठाचा' म्हणत. रोप सुकलं तर मेलं म्हणत नसत, विटलं म्हणत. कोणी आत आलंच तर चपला बाहेर काढायला लावत आणि हाताने फळ्यांकडे दाखवत.

"हात लावून बघा. घ्यायलाच पाहिजे असं नाही."

घ्यायला मिळतच नव्हतं, हे समोरच्याला पुढे कळे.

हे सगळं कशासाठी, हे शेठ आपण होऊन सांगत नसत. त्यामुळे पेठेने आपापली उत्तरं ठरवली होती. पुण्याच्या हॉटेलांना माल जातो, असं एकाचं म्हणणं. दुकान बंद पडल्यापासून डोकं फिरलं, असं दुसऱ्याचं. अनुदानाची काही योजना आहे का, असं मलाच एका ग्रामपंचायत सदस्याने खासगीत विचारलं होतं. खरं कारण साधं होतं. शेठच्या पत्नीला वास येत नव्हता.

साथीच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. शेठ उठले. काकूही उठल्या, पण त्यांचं नाक परत आलं नाही. वासाबरोबर चव गेली. पोळी तोंडात घातली की ओला पुठ्ठा चावल्यासारखं होतं, असं त्या सांगत. हळूहळू त्यांनी जेवण कमी केलं, मग जवळजवळ सोडलं. त्यातच दमा. थंडीत दाराबाहेर पडायची सोय नव्हती. दुकानामागच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचा पलंग होता, आणि दर महिन्याला त्या पलंगावर त्यांनी व्यापलेली जागा थोडी कमी झालेली दिसे.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की औषध नाही. ओळखीचे वास रोज सकाळी नाकाशी धरा, नाकाला आठवण करून द्या, कधी कधी परत येतं. शेठनी काकूंना विचारलं, सगळ्यांत ओळखीचा वास कोणता. काकू म्हणाल्या, उतरवलेल्या भाजीवर कोथिंबीर टाकली की येतो तो.

शेठ स्वयंपाकघरात कधी गेलेले नव्हते. कोथिंबीर त्यांना जेवणाच्या ताटातूनच माहीत होती. त्यांनी बाजारातून जुड्या आणल्या. पण जुडी आदल्या दिवशीची, पाणी मारमारून ठेवलेली. त्यांच्या स्वतःच्या नाकालाही तिचा फारसा वास येईना. शिवाय घर जैन; आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, घरात हिरवं चिरलं जात नसे, आणि काकू त्या बाबतीत कडक होत्या. तोडलेला पाला त्या दिवशी त्या नाकाजवळही येऊ देत नसत. तेव्हा शेठनी ठरवलं की तोडायचंच नाही. जिवंत झाडच पलंगापाशी न्यायचं. गच्चीवर लावावं तर त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते. राहिलं दुकान.

रोपं आणि कोकोपीट देणारा माणूस म्हणजे आळे गावचा सोपान. त्याची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी होती. बाजारात टोमॅटोचे कॅरेट उतरवून झाले की तो दुकानात टेकायचा. त्याचे वडील शेठचे गिऱ्हाईक, त्याच्या लग्नाचा सगळा बस्ता याच दुकानातला. त्या नात्याने तो शेठशी हवं ते बोले.

"शेठ, ट्यूबलाइटीवर कोथमीर येत न्हाई राव," तो पहिल्या थंडीत म्हणाला. "आली तर मी मिशी काढतो."

पहिल्या खेपेला कोथिंबीर खरंच दोऱ्यासारखी लांबडी आली आणि आडवी झाली. शेठनी ती चिमटीत धरून बघितली आणि सूत कच्चं आहे म्हणाले. मग त्यांनी साडीचे जुने फॉल काढले, ट्यूबलाइट छतावरून उतरवून त्या फॉलने ट्रेच्या अगदी वर बांधल्या. दुसऱ्या खेपेची कोथिंबीर उभी राहिली. सोपानने मिशी काढली नाही. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, असं काहीतरी कारण त्याने दिलं आणि शेठनी ते मान्य केलं.

झाडांचं पाणी शेठ दुहेरी कापडातून गाळून घेत. प्यायचं पाणी जसं गाळायचं तसंच. पानांवर मावा पडला तेव्हा सोपानने दोन थेंब औषध मारायला सांगितलं. शेठनी पेंटिंगचा बारीक ब्रश आणला, ओला केला आणि एकेक किडा उचलून काड्यापेटीत ठेवायला सुरुवात केली. पेटी भरली की ती घेऊन ते रस्ता ओलांडत आणि बाजाराच्या मागे टाकलेल्या टोमॅटोच्या ढिगावर उघडत. हमाल हसत. शेठ मावा विकायला निघाले, असं एकाने म्हटलं. शेठ थांबले आणि त्याला गंभीरपणे म्हणाले, की विकत नाही, नुसतं पोचवतो.

रोज सकाळी त्यांचं सामायिक, म्हणजे जैनांचं ध्यान, झालं की ते फळ्यांसमोर उभे राहत. गिऱ्हाइकाला कोणता माल दाखवायचा ते ठरवावं, तशी नजर फिरे. मग एक कुंडी उचलत, मधल्या बोळातून आतल्या खोलीत जात आणि काकूंच्या नाकाशी धरत. पान चोळून वास मोकळा करत. आठम-चौदसला पानाला हातही न लावता नुसतीच कुंडी पुढे करत, आणि काकू स्वतः वाकत.

"आला का?"

"नाही आला."

एवढंच बोलणं, आणि तेही दुकानातल्या मराठीत, कारण कुंडी दुकानातली. मग ते कुंडी परत नेत, दुसरी आणत. एकदा, दोनदा, कधी तीनदा. "आला का?" "नाही आला." मी सकाळी त्यांना वर्तमानपत्र द्यायला खाली जायचो तेव्हा हे बोळात ऐकू यायचं. शेठच्या आवाजात घाई नसे आणि काकूंच्या आवाजात तक्रार नसे. दुकानात हव्या त्या रंगाचा तागा मिळत नसला की गिऱ्हाईक आणि दुकानदार जसे बोलतात, तसं ते होतं.

उन्हाळा लागला की शटरचा पत्रा तापे आणि सगळं करपून जाई. होळीनंतर फळ्या रिकाम्या. शेठ मग गादीवर बसून रस्त्याकडे बघत. दिवाळीची वाट ते व्यापारी म्हणून आयुष्यभर बघत आले होते. तीच सवय आता झाडांच्या कामाला आली.

लसणाची गोष्ट दुसऱ्या थंडीतली. सोपान एकदा बोलून गेला की शेठ, तुमच्या ह्या पाल्यानं काय व्हनार. लसणाची पात लावा, मेलेला मानूस उठून बसल. बोलल्यावर त्याला आठवलं की हे घर कोणाचं आहे. त्या घरात कांदा-लसूण कधी आला नव्हता. लसूण म्हणजे अनंतकाय, एका कुडीत मोजता येणार नाहीत एवढे जीव. सोपानने कान पकडले. शेठ ब्रशने मावा टिपत राहिले.

काही दिवसांनी माझ्या खोलीपर्यंत लसणाचा वास येऊ लागला. शेठनी शोकेसमध्ये, जिथे साडी नेसवलेल्या दोन बाहुल्या अजून उभ्या होत्या, त्यांच्या मागे एका डब्यात लसूण लावला होता. पात वीतभर झाल्यावर त्यांनी तो डबा आत नेला. काकूंना डोळे मिटायला सांगितलं. हिराबाई तेव्हा तिथे लादी पुसत होती. घाटघरकडची ही बाई त्यांच्याकडे धुणं-भांडी करायला होती आणि पुढचं मला तिनेच सांगितलं.

"शेठनी पात मोडली न् नाकाला लावली. माज्या डोळ्याला पानी आलं, एवढा लसून. आन् काकू डोळं मिटून बसल्यात निवांत. म्हंत्यात, नाय आला. म्या तोंडाला पदर लावला, भाऊ. हसू का रडू समजंना."

शेठ डबा घेऊन परत आले तेव्हा मी बोळात होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "धर्मही गेला आणि वासही नाही आला."

काकूंना ते कळलं. हिराबाईच्या पोटात काही राहत नसे. काकूंनी दुसऱ्या दिवशी उपास धरला. मुळात त्या जेवत नव्हत्याच, पण त्या दिवशी न जेवण्याला त्यांनी नाव दिलं आणि ते शेठच्या खात्यावर टाकलं. शेठनी पलंगापाशी उभं राहून हात जोडले आणि संवत्सरीला म्हणतात ते क्षमेचे शब्द म्हटले. संवत्सरी तेव्हा कित्येक महिने दूर होती.

त्यांचा मुलगा बंगळुरूला होता. काही काळ त्याने हे दुकान चालवलं होतं. बाहेरच्या बोर्डवर अजून त्याचा मोबाइल नंबर रंगवलेला होता. कापडाचा धंदा मोठ्या मॉलनी आणि फोनवरच्या खरेदीने खाल्ला, हे मुलाला बापाआधी दिसलं. जागा विकू या, तो म्हणाला. शेठ नको म्हणाले. त्यावरून काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मुलगा गेला आणि नंतर दिवाळीलाही फोनच येत राहिला. फोन काकू घेत. शेठ जवळ बसून ऐकत आणि झाडांचं काम निघालं म्हणून उठत.

तिसऱ्या थंडीत एका सकाळी सोपान उशिरा आला. वाटेत उसाच्या फडाजवळ बिबट्या बसला होता, म्हणून गाड्या थांबल्या होत्या. शेठ गादीवर नव्हते म्हणून तो त्यांना शोधत बोळात शिरला. एरवी तो दुकानाच्या पुढे येत नसे. तिथे त्याने पहिल्यांदाच ते ऐकलं.

"आला का?"

"नाही आला."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. सोपान आल्या पावली मागे फिरला. मी जिन्यावर होतो, मला त्याने बाजूला घेतलं. हे रोज चालतं का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. काकूंना वास येत नाही, हे त्याला माहीत होतं. पण कुंडी घेऊन आत जायचा हा नेम त्याने कधी पाहिला नव्हता, आणि तो काय समजला ते माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, त्याला बिबट्या दिसल्याने घाम फुटलाय.

सोपानने बाहेर जाऊन बोर्डवरच्या नंबरला फोन लावला. तो काय बोलला ते त्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "भाऊ, तुमची आई रोज सकाळी तुमची वाट बघतीया. बाप इचारतोय आला का, न् ती बिचारी नाय आला म्हनती. मी माज्या कानानं ऐकलं. मानसानं किती दगड व्हावं."

मुलगा रात्रीच्या बसने निघाला आणि पुण्याहून गाडी बदलून नारायणगावला उतरला.

त्या सकाळी शेठनी इंग्लिश तुळस निवडली होती. त्या थंडीत ती सगळ्यांत चांगली आली होती, पानं तळहाताएवढी आणि फळीजवळून गेलं तरी वास येईल अशी. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं आणि मी आतल्या खोलीच्या दाराशी थांबलो होतो. शेठ दाराकडे पाठ करून पलंगावर वाकले होते. त्यांनी पान चोळलं.

"आला का?"

माझ्यामागे पावलं वाजली. मी बाजूला झालो. मुलगा खांद्यावर बॅग घेऊन दारात उभा राहिला. तो बराच जाड झाला होता. काकूंनी कुंडीवरून, शेठच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला पूर्ण दिसलं, कारण मी समोर होतो. शेठना फक्त आवाज ऐकू आला.

"आला," काकू म्हणाल्या.

शेठच्या हातातली कुंडी कलंडली आणि माती गोधडीवर सांडली. त्यांनी ती छातीशी धरली. मग वळले. समोर मुलगा होता. तो कसा आला, कधी आला, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

"आला," ते त्याला म्हणाले. "अरे, आला."

"हो पप्पा," मुलगा म्हणाला. "आलो."

"तुझं नाही रे. हिला. हिला वास आला."

मुलाने आईकडे बघितलं. काकूंची नजर त्याच्यावरच होती. मग त्यांनी ती काढून शेठकडे नेली. शेठ तेव्हा तुळशीची कुंडी छातीशी धरून उभे होते आणि कोटाला ओली माती लागली होती. आयुष्यभर कोटावर धाग्याचा तुकडा पडला तरी झटकणारा माणूस. काकूंनी थोडा श्वास घेतला.

"ताट वाढायला सांगा," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

त्यांनी एक पूर्ण पोळी खाल्ली. शेठ समोर बसून प्रत्येक घास बघत होते. जेवण झाल्यावर ते शटर पूर्ण वर करून रस्त्यावर गेले आणि ज्या हमालांना ते मावा पोचवायला जाताना दिसत, त्यांना थांबवून सांगितलं की आला. हमालांना वाटलं, मुलाबद्दल बोलताहेत. बरं झालं शेठ, ते म्हणाले. सोपानलाही तसंच वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला. पेठेत त्या दिवशी सगळ्यांना ती बातमी कळली आणि कोणाचंच काही चुकलं नाही.

दोन दिवसांनी शेठ फळ्यांपाशी असताना काकूंनी मला आत बोलावलं. मी खुर्चीवर बसलो.

"तुम्ही पेपरवाले," त्या म्हणाल्या. "खरं असेल ते छापता."

मी म्हटलं, प्रयत्न असतो.

"हे छापू नका."

कशाबद्दल बोलताहेत हे मी विचारलं नाही. त्या भिंतीकडे वळल्या.

मुलगा रविवारपर्यंत राहिला. त्याने बोर्डवरचा आपला नंबर पुसायचं म्हटलं, मग राहू दे म्हणाला. तो गेल्यावरही सकाळचा क्रम चालू राहिला. फरक एवढाच की आता उत्तर पहिल्याच कुंडीला मिळे. आला का? आला. मग ताट. काकू खात. घास तोंडात बराच वेळ फिरे आणि गिळताना त्या पाण्याचा घोट घेत, पण खात. चेहरा थोडा भरला. हिराबाई म्हणाली, देवानं ऐकलं. शेठ गादीवर बसून गाणं म्हणू लागले. त्यांना गाता येत नव्हतं.

थंडी संपायला आली होती तेव्हाची एक सकाळ मला नीट आठवते. मी दुकानात वर्तमानपत्र ठेवत होतो. शेठ फळ्यांसमोर उभे होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तुळस जून झाली होती. पुदिना चांगला होता. त्यांचा हात पुदिन्याकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी खालच्या फळीवरून काठाच्या पाल्याची कुंडी उचलली. तो पाला ते दिसायला लावत. त्याला वास नसतो, हे त्यांनीच मला पहिल्या थंडीत सांगितलं होतं. नुसता रंग, धुतला तर जाईल की काय वाटावं असा, पण वास म्हणून काही नाही. ती कुंडी त्यांनी आत कधी नेली नव्हती.

मला वाटलं, चुकून उचलली. सांगावं का, असा विचार करत मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो. काकूंनी सवयीने डोळे मिटले. शेठनी लाल कडेचं पान चोळलं आणि नाकाशी धरलं.

"आला का?"

काकूंनी लांब श्वास घेतला. नेहमीपेक्षाही लांब.

"आला," त्या म्हणाल्या. "आज छान आला."

शेठ उभे राहिले. त्यांनी हातातल्या पाल्याकडे बघितलं, मग मिटलेल्या डोळ्यांकडे. खिडकीबाहेर जीपवाला ओतूरची शिटं भरायला ओरडत होता. मी तिथून निघायला हवं होतं, पण निघालो नाही. शेठनी कुंडी खाली ठेवली आणि गोधडीची घडी सारखी केली.

"मग जेवून घ्या," ते म्हणाले.

काकूंनी जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा पुदिना घेऊन आत गेले आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांच्या आवाजात काही फरक मला जाणवला नाही, आणि मी तो शोधत होतो. होळीपर्यंत त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. गाणं मात्र थांबलं.

काकू त्या पावसाळ्यात गेल्या. दम्याने. मुलगा आला, तेरा दिवस राहिला आणि वडिलांना बरोबर चला म्हणाला. दिवाळीनंतर बघू, असं शेठनी सांगितलं.

दिवाळी झाल्यावर सोपान नेहमीप्रमाणे टेम्पोत ट्रे घेऊन आला. आणावेत की नाही याचा त्याने बराच विचार केला होता, असं त्याने मला रस्त्यावरच सांगितलं. दुकानात ट्यूबलाइट चालू होत्या. शेठ गादीवर होते. टोपी, बंद गळ्याचा कोट. फळ्या पुसलेल्या. सोपानने एकेक ट्रे समोर ठेवला आणि शेठ जुन्या सवयीने प्रत्येक पान चिमटीत धरून बघू लागले. कोथिंबीर बघितली आणि बाजूला सारली. पुदिना बाजूला सारला. शेपू, पार्सली. तुळशीला त्यांनी हात लावला नाही, नुसती मान हलवली.

"हे परत ने."

"का वो शेठ? काय खराबी हाये का मालात?"

"माल चांगला आहे."

शेवटचा ट्रे काठाच्या पाल्याचा होता. रोपं बोटभर, लाल कड नुकती धरू लागलेली. शेठनी तो ओढून मांडीवर घेतला.

"हा आण. सगळ्या फळ्यांना पुरेल एवढा."

सोपान माझ्याकडे बघू लागला. मग त्याने ट्रेमधलं एक पान तोडलं, चोळलं आणि नाकाला लावलं. पुन्हा चोळलं.

"शेठ," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्याला वास न्हाई."

शेठ काठावरून अंगठा फिरवत होते.

"हिला यायचा," ते म्हणाले.